किन्नौरचे ताजे चिलगोजे: घेताना काय बघायचं आणि घरी कसे टिकवायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑक्टोबरमध्ये हिमाचल प्रदेशातल्या किन्नौरला जाताय, तिथल्या गावातून थेट पाच किलो ताजे चिलगोजे (पाइनच्या शंकूतले खायचे दाणे) आणायचा विचार आहे. गेल्या वर्षी मित्राने आणून दिलेले दोन किलो तुम्ही आल्या आल्या झिपलॉकमध्ये हवा काढून भरले, कपाटात ठेवले, आणि दीड महिन्यात कुबट वास यायला लागला, काहींवर पांढरी बुरशी दिसली. म्हणून आता विचारताय की व्हॅक्यूम पॅक करून घेऊ की काचेची बरणी बरी, आणि घेताना न फसता चांगला माल कसा ओळखायचा. मी बरीच वर्षं सुक्यामेव्याच्या धंद्यात आहे, किन्नौरचा माल दर हंगामात हाताखालून जातो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

डब्याचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. तुम्ही जे सांगताय त्यावरून मित्राने आणलेला माल वाईट नव्हता असंच मला वाटतं, तो खरोखर नवा होता आणि त्यात ओल होती. ओला माल हवाबंद केला की आतली ओल आतच कोंडते. कुरडया अर्धवट वाळल्या असताना डब्यात भरल्या तर काय होतं ते आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, पण चिलगोजा टणक टरफलात येतो म्हणून तो वाळलेलाच असणार असं आपण धरून चालतो. तिथेच चूक होते.

हा माल तयार कसा होतो ते बघितलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. चिलगोज्याचं झाड म्हणजे पाइनचीच एक जात, साधारण १८०० ते ३३०० मीटर उंचीवर, कोरड्या डोंगरउतारांवर वाढणारी. भारतात मुख्यतः किन्नौर आणि हिमाचलमधल्याच चंबा जिल्ह्याचं पांगी खोरं, सीमेपलीकडे पाकिस्तान आणि अफगाणिस्तान. शंकू पिकायला दुसरं वर्ष उजाडतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गावकरी शंकू हिरवे असतानाच उतरवतात, कारण झाडावरच उघडले तर दाणे खाली सांडतात, पक्षी नेतात. मग त्या शंकूंचे ढीग घालतात, उन्हात खवले उघडले की झोडपून नाहीतर आपटून दाणे काढतात. म्हणजे दाणा शंकूतून बाहेर आला त्या दिवशी तो अगदी नुकता खुडलेल्या शेंगेतल्या दाण्यासारखा नसला तरी पूर्ण वाळलेलाही नसतो. टरफल थोडं लवचिक असतं, नखाने सोलता येतं, गर मऊ, दुधाळ, किंचित गोड. खायला हाच सगळ्यात सुंदर, यात वाद नाही. साठवायला मात्र हाच सगळ्यात नाजूक.

दुसरी अडचण तेलाची. चिलगोज्याच्या गरात वजनाच्या साधारण निम्मं तेल असतं आणि त्यातलं बहुतेक असंतृप्त प्रकारचं, म्हणजे हवा, ऊन आणि उष्णता लागली की लवकर खवट होणारं. त्यामुळे दोन वेगवेगळे शत्रू आहेत हे लक्षात ठेवा. ओलीमुळे बुरशी, आणि हवा-उष्णतेमुळे खवटपणा. हवाबंद पाकीट दुसऱ्याला अडवतं, पहिल्याचं काहीच करू शकत नाही. व्हॅक्यूम मशीन हवा ओढून घेतं, दाण्याच्या आतलं पाणी नाही. म्हणून क्रम असा: आधी वाळवा, मग बंद करा, मग थंड करा. हा क्रम उलटा झाला की कितीही भारी डबा आणा, उपयोग नाही.

आता खरेदी. भाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण या झाडाला दरवर्षी सारखं पीक येत नाही, एखाद्या वर्षी लगडतं आणि एखाद्या वर्षी जेमतेम, आणि त्यानुसार एकाच हंगामातसुद्धा भाव हलतो. रेकाँग पिओच्या (किन्नौरचं जिल्ह्याचं ठिकाण) बाजारात दोन-चार दुकानांत विचारून घ्या आणि मग गावात जा, म्हणजे अंदाज असेल. रिब्बा, रारंग, जंगी, अकपा, पूरबनी या बाजूची गावं चिलगोज्यासाठी ओळखीची आहेत. बऱ्याच ठिकाणी माल ठेकेदार आधीच उचलतात, त्यामुळे घरी विकायला थोडाच शिल्लक असतो, आणि तो देणारा माणूस घाईत नसतो. त्याच्याशी बोला. शंकू कधी उतरवले, दाणे काढून किती दिवस झाले, गच्चीवर वाळवले का गोणीतच आहेत, यात गेल्या वर्षीचा माल मिसळला आहे का. सरळ विचारलं की बहुतेक लोक सरळ सांगतात. नोव्हेंबरमध्ये शिमला जिल्ह्यातल्या रामपूरला लवी मेळा हा व्यापारी मेळा भरतो, ११ तारखेपासून, तिथेही किन्नौरचा सुकामेवा भरपूर येतो आणि तोपर्यंत माल बऱ्यापैकी वाळलेला असतो. तुमची तारीख हलवता येत असेल तर साठवणीच्या दृष्टीने ऑक्टोबरचा शेवट किंवा नोव्हेंबर जास्त सोयीचा, ताजा-मऊ खायची हौस असेल तर ऑक्टोबरची सुरुवात. दोन्ही एकदम नाही मिळत.

बघायचं कसं ते सांगतो. वरवरचे दाणे बघून ठरवू नका, गोणीत हात खुपसून मधून आणि तळातून मूठ काढा. हाताला गार, दमट लागलं तर ओल आहे. टरफल गडद तपकिरी, थोडी नैसर्गिक चमक असलेलं, आणि कच्च्या मालाला राळेचा हलका वास येतो, कधी बोटांना चिकटही लागतं, ते चांगलं लक्षण आहे (चिकट जात नसेल तर आधी थोडं खाद्यतेल चोळा, मग साबण). फार ओली-ओली चमक दिसली तर सावध व्हा, वजनासाठी किंवा दिसायला बरं म्हणून पाणी शिंपडलेला माल मी पाहिला आहे. मग वीस दाणे, वेगवेगळ्या जागचे, तिथेच सोला. विकणारा चिडला तर दुसरीकडे जा. वीसमध्ये एखादा पोचट निघणं चालतं, चार-पाच पोचट किंवा सुरकुतलेले निघाले तर ते वजन तुम्ही फुकट वाहून नेणार आहात. गर फिकट हस्तिदंती, टरफलात भरून बसलेला हवा. पिवळसर, टोकाला तपकिरी, आक्रसलेला गर म्हणजे जुना माल. एक दाणा चावून गिळा आणि थोडं थांबा, कारण खवट चव जिभेवर लगेच कळत नाही, घशाशी मागाहून कडवट येते.

कानाजवळ मूठ हलवून बघायची पद्धतही लोक सांगतात, खडखड वाजला तर जुना. याच्यावर एकट्यावर विसंबू नका, कारण नीट वाळवलेल्या नव्या दाण्याचाही गर थोडा आकसतो आणि वाजतो. सोलून बघणं हीच खरी परीक्षा.

आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा, कच्चा आहे का भाजलेला. मैदानी शहरांत टरफलासकट जो चिलगोजा मिळतो तो बहुतेक भाजलेला असतो, त्यातला पुष्कळ अफगाणिस्तानचा. त्यात वाईट काही नाही, पण भाजलेल्या मालाचं आयुष्य कमी, कारण उष्णतेने तेल उघडं पडतं आणि टरफलाला बारीक तडे जातात. वर्षभर ठेवायचा असेल तर कच्चाच घ्या. आणि टरफलासकटच घ्या. सोललेला गर दिसायला सोयीचा, पण टरफल हे त्याचं सगळ्यात चांगलं पॅकिंग आहे, ते काढून मग आपण महागडे डबे शोधत बसतो याला काही अर्थ नाही.

पाच किलो घ्यायचे का? हे घरात किती जण खातात आणि फ्रीझरमध्ये जागा किती यावर आहे. फ्रीझरमध्ये एक अख्खा कप्पा देऊ शकत असाल तर पाच चालतील, नाहीतर चार माणसांच्या घराला दोन किलो पुष्कळ होतात. लोक पाच किलो आणतात, दिवाळीत वाटतात, उरलेले कपाटात विसरतात आणि उन्हाळ्यात टाकून देतात. इतक्या कष्टाने उंच झाडावरून उतरवलेला माल असा वाया गेलेला मला बघवत नाही. शिवाय ओल्या मालाचं वजन वाळल्यावर घटतं हे भाव ठरवतानाच धरा, पाच किलो घेतले म्हणजे घरी पाच किलो राहणार नाहीत.

वाळवण्याबद्दल जरा थांबून सांगतो कारण सगळं यावरच आहे. शक्य तेवढं वाळवणं किन्नौरमध्येच उरका. किन्नौरमधल्या वांगतू गावाच्या पुढे सतलजच्या खोऱ्यात पाऊस कमी होत जातो, हवा कोरडी असते, तिथे दोन दिवसांत जे होतं ते आपल्या कोकणपट्टीच्या हवेत आठवड्यातही होत नाही. म्हणून खरेदी ट्रिपच्या शेवटच्या दिवशी न करता सुरुवातीला करा. रोज रात्री मुक्कामाच्या खोलीत सुती चादरीवर किंवा वर्तमानपत्रावर घातलेल्या फडक्यावर एक थर पसरा, एकावर एक ढीग नको. दिवसा प्रवासात सुती पिशवीत ठेवा, पॉलिथीनमध्ये अजिबात नाही, आणि गाडीच्या डिकीत उन्हात तापत ठेवू नका. विकणाऱ्याने प्लास्टिकच्या पिशवीत दिले तर गाडीत बसायच्या आधी बदला. यासाठी घरून दोन उशांचे जुने अभ्रे घेऊन जा, तेवढं पुरतं.

घरी आल्यावर परत पसरा, सावलीत, पंख्याखाली. कडक उन्हात नको, उन्हाने वरून लवकर सुकल्यासारखं वाटतं पण तेल तापतं आणि खवटपणाची सुरुवात तिथूनच होते. हवा दमट असेल तर एसी चालू असलेली खोली फार उपयोगी पडते, कारण एसी हवेतलं पाणी काढतो. फूड डिहायड्रेटर असेल तर ३५ ते ४० अंशांवर, त्याच्या वर नाही. ओव्हन नको, त्याचं कमीत कमी तापमानसुद्धा या कामाला जास्त होतं. दिवसातून दोनदा हाताने वरखाली करा. कमीजास्त चार ते सात दिवस लागतील, पण दिवस मोजण्यात अर्थ नाही, हवेवर आहे ते.

वाळले कधी म्हणायचं, याच्या तीन खुणा मी वापरतो. पहिली वजनाची आणि हीच सगळ्यात भरवशाची: एक पिशवी किचनच्या काट्यावर रोज त्याच वेळी तोला, सलग दोन दिवस वजन हललं नाही तर त्या हवेत जेवढं वाळायचं तेवढं वाळलं. एक अडचण आहे, हवाच दमट असेल तर वजन स्थिर होऊनही आत ओल उरते, म्हणून दुसरी खूण बघा. एक मूठ दाणे स्वच्छ कोरड्या काचेच्या बाटलीत घालून झाकण घट्ट लावा आणि तासभर खिडकीच्या उन्हात ठेवा, आतून काचेवर धुकं आलं तर अजून काम बाकी आहे. (हे मूठभर दाणे नंतर खाऊन टाका, साठवू नका.) तिसरी हाताची: टरफल वाकण्याऐवजी टक् करून तुटलं पाहिजे आणि गर दुमडण्याऐवजी मोडला पाहिजे.

याच टप्प्यावर निवडून घ्या. तडकलेले, भोक पडलेले, डाग असलेले वेगळे काढा आणि ते आधी खा. काही लोक पाण्यात टाकून तरंगणारे पोचट दाणे काढतात, ते बरोबर चालतं, पण त्यात सगळा माल परत ओला होतो, म्हणून करायचंच तर वाळवायच्या आधी, नंतर नाही. घरगुती दोन किलोसाठी मी ते करायला सांगणार नाही.

आता तुमचा डबा. २०० ते २५० ग्रॅमचे छोटे भाग करा, म्हणजे एक उघडला तरी बाकीच्यांना हवा लागत नाही. जाड झिपलॉक, हवा दाबून काढलेली, आणि अशी पाकिटं एका घट्ट झाकणाच्या डब्यात. दुहेरी पॅकिंगचं कारण वास आहे, तेलकट दाणा फ्रीजमधला कांदा, लसूण, मासळी सगळ्यांचा वास ओढून घेतो. व्हॅक्यूम पॅक करायला हरकत नाही, माल पूर्ण वाळलेला असेल तर उत्तमच, फक्त चिलगोज्याचं टोक अणकुचीदार असतं, पातळ पिशवीला भोक पाडतं आणि आपल्याला कळतही नाही, तेव्हा जाड पिशवी घ्या आणि दोन दिवसांनी पिशवी सैल पडली आहे का बघा. काचेची बरणी रोजच्या खाण्याच्या मालाला छान, पण ती गच्च भरा, अर्धी रिकामी बरणी म्हणजे अर्धी बरणी हवा.

कुठे ठेवायचं ते किती दिवस ठेवायचं यावर. टरफलासकट, वाळवलेला, कच्चा माल घरातल्या थंड अंधाऱ्या कपाटात थंडीचे एक-दोन महिने बरा राहतो, आपल्याकडच्या उन्हाळ्यात नाही. फ्रीजमध्ये चार-सहा महिने. फ्रीझरमध्ये उणे १८ ला वर्षभर, पुढच्या हंगामापर्यंत, आणि चवीत फारसा फरक पडत नाही. सोललेला गर मात्र फ्रीजमध्ये महिना-दीड महिना आणि फ्रीझरमध्ये तीन-चार महिने इतकंच धरा. तेल जास्त असल्याने फ्रीझरमध्येही दाणा दगडासारखा होत नाही, त्यामुळे गोठलाच नाही की काय अशी शंका घेऊ नका. फ्रीझरचा आणखी एक फायदा, पहिला आठवडा सलग ठेवलं की पाखरांची अंडी-अळ्या असतील तर मरतात, म्हणून नंतर फ्रीजमध्ये ठेवायचे असले तरी सुरुवात फ्रीझरने करा.

फ्रीझरमधून काढताना एक गोष्ट लोक हमखास विसरतात. थंडगार पाकीट बाहेर काढून लगेच उघडलं की दमट हवेतलं पाणी दाण्यांवर जमतं, आणि इतके दिवस वाळवून कमावलेलं एका मिनिटात जातं. पाकीट बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, दोन-तीन तास किंवा रात्रभर, मग उघडा. एकदा काढलेलं पाकीट परत फ्रीझरमध्ये नको, ते दोन-तीन आठवड्यांत संपवा.

भाजायचे असतील तर लागतील तेवढेच. जाड लोखंडी कढईत जाडं मीठ गरम करून मंद आचेवर सतत हलवत भाजा, टरफल तडकायला लागलं आणि वास सुटला की उतरवा, गर आतून फिकट सोनेरीच्या पुढे जाऊ देऊ नका. कढईच्या उष्णतेने नंतरही भाजणं चालू राहतं म्हणून लगेच ताटात ओता. पंधरा दिवस पुरतील एवढेच एका वेळी.

आता तुमच्याकडे गेल्या वर्षीचे उरलेत म्हणालात त्याबद्दल. ज्या पाकिटात बुरशी दिसली ते अख्खं पाकीट टाका, निवडून, पुसून, भाजून खाऊ नका. काही बुरशा अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात, ते डोळ्यांना दिसत नाही आणि भाजल्याने पूर्ण नष्ट होत नाही, यकृतावर परिणाम करणारं आहे. इथे पैशाचा विचार करू नका. बुरशी नाही पण जुन्या तेलासारखा, रंगासारखा वास येतो असा माल खवट आहे. भाजल्यावर वास थोडा दबतो, खवटपणा जात नाही, तोही टाकलेला बरा.

तुम्ही शेवटी लिहिलंय की कुणीतरी पाइन नट खाल्ल्यावर दोन दिवस तोंड कडू झाल्याचं सांगितलं. ते वेगळं प्रकरण आहे. काही पाइनचे दाणे खाल्ल्यावर साधारण एक-दोन दिवसांनी तोंडात धातूसारखी कडवट चव येते, काही खाल्लं की वाढते आणि काही दिवसांत, कधी दोन आठवड्यांनी, आपोआप जाते. हे प्रामुख्याने चीनमधल्या पांढऱ्या पाइनच्या आखूड, मातकट दाण्यांशी जोडलं गेलं आहे. चिलगोजा लांब, सडपातळ, साधारण दोन सेंटीमीटरचा असतो, टरफलासकट घेतलात तर गल्लत व्हायचं कारण नाही. सोललेल्या मिश्र दाण्यांच्या पाकिटात मात्र जात ओळखणं अवघड, टरफलासकट घ्या म्हणायचं हेही एक कारण.

शेवटचं, झाडाबद्दल, कारण तुम्ही ‘स्वतः शंकू तोडायला मिळतील का’ असंही विचारलंय. नका तोडू. कुठल्या जंगलात कुणी गोळा करायचं याचे हक्क त्या त्या गावांचे आहेत, बाहेरच्या माणसाने हात लावणं बरोबर नाही. शिवाय एकाच फांदीवर यंदाचे पिकलेले आणि पुढच्या वर्षीचे बारीक शंकू एकत्र असतात, घाईने फांदी ओढली किंवा तोडली की पुढच्या वर्षीचं पीकही जातं. बहुतेक सगळे दाणे गोळा होतात आणि उरलेल्या रोपांवर गुरं-शेळ्या चरतात, त्यामुळे नवी झाडं फार कमी उगवतात, आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीत ही जात संकटाच्या जवळ पोहोचलेली म्हणून नोंदली आहे. तुम्ही एवढं करू शकता: घेताना विचारा की शंकू फांद्या न तोडता आकड्याने उतरवले का, आणि काही झाडं बियांसाठी सोडली का. असं जपून काम करणारं घर सापडलं तर किलोमागे थोडे जास्त द्यावे लागले तरी त्यांच्याकडूनच घ्या, नंबर घेऊन ठेवा, पुढच्या वर्षी ते तुमच्यासाठी गच्चीवर वाळवून ठेवतील आणि तुमचं अर्धं काम तिथेच होईल.